ऑक्टोबरची छाटणी आणि क्विन्सची हरवलेली फुले

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. घर घेतले तेव्हा गाडी उभी करण्याच्या काँक्रीटच्या वाटेलगत क्विन्सचे जुने, सहा-सात फुटी, काटेरी झुडूप होते. पहिल्या वसंतात त्याच्या बिनपानांच्या फांद्या शेंदरी फुलांनी भरून गेल्या. पुढे दरवर्षी फुले कमी होत गेली आणि गेल्या वर्षी तर आत, खोडाजवळ, बोटांवर मोजण्याइतकीच आली. हिरवळ कापायला येणारा माणूस दर ऑक्टोबरमध्ये यंत्राने झुडूप छाटून गोल करतो. माझ्या सासरी निफाडला द्राक्षबाग आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीत मला काही वावगे वाटले नाही. ऑगस्टपर्यंत निम्मी पाने गळतात, काही पिवळी पडतात. शेजारी म्हणतात, उपटून टाका. मुलगा चार वर्षांचा असल्यामुळे काट्यांचीही भीती वाटते. हे झुडूप ठेवावे का? त्याची आंबट फळे खाण्याजोगी असतात का? आणि याची फांदी निफाडला सासूबाईंना लावायला नेता येईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सस्नेह नमस्कार. तुमचे पत्र जानेवारीच्या अखेरीस आले, ही चांगली गोष्ट झाली, कारण अजून अडीच-तीन महिने या झुडपाला कात्री लावायची नाही आणि तेवढ्या वेळात त्याची ओळख करून घेता येईल. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून झुडूप मरणपंथाला लागलेले वाटत नाही. त्याची फुले दर ऑक्टोबरमध्ये उमलण्याआधीच कापली जात आहेत, एवढेच घडले आहे. उपटण्याचा विचार कृपा करून मनातून काढून टाका. इतके जुने, मुळे खोल गेलेले आणि पहिल्या वसंतात ज्याचा बहर तुम्ही स्वतः पाहिला आहे, असे झुडूप पैसे मोजूनही मिळत नाही. शिवाय उपटायला गेलात तर जमिनीत राहिलेल्या मुळांच्या तुकड्यांतून पुढची काही वर्षे फुटवे येतच राहतील.

निफाडचा उल्लेख तुम्ही केलात, तेव्हा द्राक्षाच्याच भाषेत सांगतो. द्राक्षवेलीवर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यानंतर आलेल्या काडीत उन्हाळ्यात घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत त्या काडीचे ठरावीक डोळे, म्हणजे फूट येण्याच्या जागा, राखून पुढचा भाग कापला की राखलेल्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात. क्विन्सचेही कळे असेच उन्हाळ्यात, आधीच्या हंगामाच्या आणि त्याहून जुन्या लाकडावर तयार होतात आणि पाने गळून गेल्यावर कडाक्याच्या थंडीत तसेच मिटून बसतात. फरक असा की द्राक्षाचा घड नव्या फुटीबरोबर येतो, तर क्विन्सचे फूल जुन्या लाकडातूनच थेट उमलते, नव्या फुटीची त्याला गरज नसते. म्हणून क्विन्सला गोडी छाटणी नाही. त्याची एकच छाटणी, आणि ती बहर ओसरल्याबरोबर, म्हणजे तुमच्याकडे एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात करायची. ऑक्टोबरमध्ये यंत्र फिरले की बाहेरच्या फांद्यांवरचे तयार कळे जमिनीवर पडतात आणि यंत्राचे पाते जिथे पोहोचत नाही तेवढ्या आतल्या भागातच फुले उरतात. तुम्ही ‘आत, खोडाजवळ’ असे जे लिहिले आहे, त्यातच कारण सापडते.

माझे म्हणणे पडताळून पाहायचे असेल, तर एखाद्या कोरड्या दुपारी जाड हातमोजे घालून झुडपाच्या आतली एक फांदी जवळून पाहा. पानांचे डोळे बारीक, टोकदार आणि फांदीला चिकटलेले असतात. फुलांचे कळे गोल, फुगीर, मोहरीपासून लहान वाटाण्याएवढे असून दोन-तीन किंवा अधिक मिळून आखूड, खरबरीत खुंट्यांवर बसलेले असतात आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या खवल्यांच्या फटीतून लालसर रंग दिसू लागतो. मग बाहेरची, यंत्राने कापलेली फांदी पाहा. तिथे कापलेल्या टोकाखाली दाट, काटक्यांसारखी फूट दिसेल आणि गोल कळे फारसे सापडणार नाहीत. झुडूप जिवंत आहे ना, ही शंका असल्यास नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवा थर दिसला की निश्चिंत राहा.

आता छाटणीविषयी सविस्तर, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. यंत्राने वरून गोल केलेल्या झुडपाची बाहेरची बाजू इतकी दाट होते की आत ऊन जात नाही, आतल्या खुंट्या हळूहळू निकामी होतात आणि ओलावा कोंडून पानांवर बुरशी वाढते. हे सुधारायचे तर वरून कापून चालत नाही, बुंध्यापासून मोकळे करावे लागते. यंदा बहर संपला की झुडपाच्या तळाशी बसून सगळ्या खोडांकडे नीट पाहा. त्यांतली सर्वांत जाड, काळपट, खरबरीत सालीची खोडे निवडून एकूण खोडांपैकी सुमारे एक तृतीयांश जमिनीलगत कापून काढा. बोटाएवढ्या फांदीला छाटणीची कात्री पुरते, अंगठ्याहून जाड खोडाला लांब दांड्याची कात्री किंवा हातकरवत लागते. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या दिशेने वळलेल्या फांद्याही त्याच वेळी काढा. पुढच्या वसंतानंतर राहिलेल्या जुन्या खोडांपैकी निम्मी आणि त्यापुढच्या वर्षी उरलेली काढली, की तीन वर्षांत झुडूप नव्या लाकडाचे झालेले असेल आणि मध्ये एकही वसंत पूर्ण कोरडा जाणार नाही. सगळे झुडूप एकदाच जमिनीपासून सहा इंचांवर कापूनही नवे करता येते, ते तग धरते; पण मग एक-दोन वर्षे फुलांची वाट पाहावी लागते, आणि आधीच फुलांना मुकलेल्या माणसाला मी तो मार्ग सुचवणार नाही.

राखलेल्या खोडांवरच्या लांबलचक बाजूच्या फांद्या बहरानंतर पाच-सहा पानांवर आखूड केल्या, तर त्यांच्या बुडाशी फुलांच्या खुंट्या अधिक धरतात. भिंतीला टेकवून वाढवलेल्या क्विन्सला इंग्लंडमधील माळी याच पद्धतीने वळण देतात. जूननंतर मात्र मोडलेली किंवा रोगट फांदी सोडून काहीही कापू नका, कारण त्यानंतर पुढच्या वर्षाचे कळे धरण्याचा काळ सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उबदार दिवस लागून आले तर झुडपावर चुकार फुले दिसतात. त्याला रोग समजू नका आणि त्या निमित्ताने छाटणीही करू नका.

हिरवळ कापणाऱ्या माणसाला नुसते तोंडी सांगून भागत नाही, कारण दर वेळी तोच माणूस येईल असे नसते. ‘या झुडपाला हात लावू नये’ हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवा आणि सप्टेंबरमध्ये एका फांदीला ठळक रंगाची फीत बांधून ठेवा. त्याच्याकडून आणखी दोन गोष्टी विचारून घ्या : तो हिरवळीला कोणते खत घालतो आणि चुना टाकतो का? हिरवळीच्या खतात नत्राचे प्रमाण बरेच असते. ते झुडपाच्या मुळांपर्यंत गेले की लुसलुशीत पालवी जोमाने वाढते, फुले कमी होतात आणि करपा येण्याचा धोका वाढतो.

पिवळ्या पानांचा संबंध चुन्याशी असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तुम्ही शिरांचा रंग लिहिलेला नाही, म्हणून येत्या उन्हाळ्यात मुद्दाम पाहा. पान पिवळे पण शिरा हिरव्या, आणि हा प्रकार कोवळ्या पानांपासून सुरू होत असेल, तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, असा अर्थ होतो. क्विन्सला किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. काँक्रीटमधून झिरपणारा चुना आणि हिरवळीवर टाकलेला चुना यांनी त्या वाटेलगतच्या मातीचा सामू (पीएच) वाढलेला असू शकतो. अंदाजाने औषध घालण्यापेक्षा माती तपासून घेणे केव्हाही बरे. तुमच्या राज्यात रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा घरगुती बागेचे नमुने अल्प शुल्क घेऊन तपासते. झुडपाच्या भोवती चार-सहा ठिकाणची, सहा इंच खोलीपर्यंतची माती एकत्र करून वाळवून पाठवा आणि सामू सातच्या वर निघाला तर अहवालात सांगतील त्या प्रमाणात गंधक वापरा. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी पाने लवकर हिरवी करते, पण मातीचे कारण तसेच राहिले तर पुढच्या वर्षी तीच तक्रार परत येते. दुसऱ्या झाडांच्या कुजलेल्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन बुंध्यापासून थोडे अंतर सोडून दरवर्षी घातले, तर हळूहळू मातीही सुधारते आणि वेगळे खत घालण्याचे कारण उरत नाही.

ऑगस्टमधली पानगळ मला फारशी चिंतेची वाटत नाही. पावसाळी वसंतानंतर पानांवर बुरशीचे तपकिरी ठिपके पडून ती अकाली गळणे हा या झुडपाचा जुना दोष आहे, आणि तशा पानगळीनंतरही ते पुढच्या वसंतात फुलते. गळलेली पाने झाडून घराबाहेर टाका, झुडपाखाली तशीच कुजू देऊ नका, कारण बुरशी त्यांतच हिवाळा काढते. हिरवळीचे फवारे पानांवर पाणी उडवत असतील तर त्यांची दिशा बदला. पाणी द्यायचेच असेल तर बुंध्याशी, सकाळी, आणि तेही दीर्घ उघडीप पडली तरच. रुजलेले क्विन्स कोरड सोसते, पाणी साचलेले सोसत नाही. बुंध्यापासून झालेली छाटणी आतला वारा मोकळा करील आणि त्यानेच निम्मा रोग हटेल, म्हणून बुरशीनाशकाची घाई करू नका.

एका रोगाबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. सफरचंद, नासपती आणि क्विन्स ही एकाच कुळातली झाडे असल्याने जिवाणूंपासून होणारा करपा तिघांनाही होतो. बहराच्या काळात हवा उबदार आणि ओलसर असली की एखाद्या फांदीचा शेंडा अचानक काळा पडतो, आकड्यासारखा खाली वाकतो आणि करपलेली पाने न गळता तशीच लटकत राहतात. असे दिसले तर कोरड्या दिवशी काळ्या भागाच्या खाली आठ ते बारा इंचांवर निरोगी लाकडात फांदी कापा, प्रत्येक कापानंतर कात्रीचे पाते सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा आणि कापलेला भाग कंपोस्टच्या ढिगात न टाकता बाहेर घालवा. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

मुलाविषयीची काळजी रास्त आहे. या झुडपाचे काटे म्हणजे टोकाशी अणकुचीदार झालेल्या आखूड फांद्याच असतात, त्यामुळे ते लाकडाइतके कठीण असतात आणि एकेक काढून टाकता येत नाहीत. जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंतच्या, वाटेवर येणाऱ्या फांद्या बुडापासून काढल्या, तर चार वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याजवळ काटा येणार नाही आणि गाडीचे दारही मोकळेपणी उघडेल. झुडपाभोवती उगवणारे फुटवे दरवर्षी वसंतात कुदळीने मुळापासून तोडावेत. त्यांच्यावर तणनाशक मारू नये, कारण ते मूळ झुडपाशी जोडलेले असतात आणि औषध तिथपर्यंत पोहोचू शकते. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचला, वाळलेला काटा बुटाच्या तळव्यातून आत जातो. काटा खोल, विशेषतः बोटाच्या सांध्याजवळ रुतला आणि सूज आली, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. मूल खेळते त्या अंगणात, दाराजवळही क्विन्स हवेच असेल, तर नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतील टॉम रॅनी यांनी तयार केलेल्या ‘डबल टेक’ मालिकेतील जाती पाहा. त्यांना काटे नसतात, फुले कॅमेलियासारखी भरगच्च असतात, पण फळ धरत नाही.

जाती निवडताना पाटीवरच्या नावावर पूर्ण विसंबू नका, कारण या झुडपाच्या नावांचा गोंधळ दोन शतकांचा आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये जपानमधल्या बुटक्या क्विन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. १७९६ मध्ये सर जोसेफ बँक्स यांनी लंडनजवळच्या क्यू येथील बागेत जे झुडूप आणले ते मुळात चीनचे, उंच वाढणारे होते, पण लोकांनी ते थुनबर्ग यांचेच समजून त्याला ‘जपॉनिका’ म्हणायला सुरुवात केली, आणि कितीतरी बागांमध्ये आजही तेच नाव चालते. तुमचे झुडूप सहा-सात फूट उंच आहे, म्हणजे ते चिनी जातीचे किंवा तिच्या संकराचे असावे. खरे जपानी क्विन्स तीन-चार फुटांच्या वर सहसा जात नाही, त्याची पाने गोलसर असतात आणि दोन वर्षांच्या फांदीवर बारीक पुटकुळ्या हाताला लागतात. पुढे कधी दुसरे झुडूप आणाल तेव्हा उंचीचा आकडा विचारूनच जागा ठरवा आणि दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा, कारण सावलीत झुडूप जगते पण फुलत नाही. ‘तोयो निशिकी’ ही जुनी जपानी जात मला विशेष प्रिय आहे. तिच्या एकाच झुडपावर, कधी एकाच फांदीवर, पांढरी, गुलाबी आणि लाल अशी तिन्ही रंगांची फुले येतात.

फळे जरूर वापरा. ऑक्टोबरमध्ये ती पिवळसर होतात, हातात घेतली की सुवास येतो, पण दगडासारखी कठीण आणि इतकी आंबट-तुरट असतात की कच्ची खाववत नाहीत. त्यांच्यात पेक्टिन भरपूर असल्याने जेली बाजारातले पेक्टिन न घालताही घट्ट बसते. फळे धुऊन, चिरून, बुडतील इतक्या पाण्यात गाळ होईपर्यंत शिजवावीत, पातळ फडक्यात बांधून रस रात्रभर आपोआप गळू द्यावा, पिळू नये, म्हणजे जेली नितळ होते. मग एक वाटी रसाला पाऊण ते एक वाटी साखर घालून उकळावी आणि थंड बशीवर टाकलेला थेंब बोटाने ढकलल्यावर सुरकुतला की आच बंद करावी. सफरचंदाप्रमाणेच याच्याही बिया खाऊ नयेत. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा क्विन्सच्या दुसऱ्याच, वृक्षासारख्या वाढणाऱ्या भाऊबंदाचा असतो, तेव्हा तुमच्या झुडपाच्या बिया त्याऐवजी कोणी वापरू म्हटले तर नको म्हणा. आणि हिरवळीच्या कंत्राटदाराने झुडपावर काही फवारले असेल, तर त्या हंगामाची फळे सोडून द्या. फळे मोजकीच धरतात अशी तक्रार पुढे झाली, तर जवळ वेगळ्या जातीचे दुसरे क्विन्स लावा, कारण बहुतेक जाती स्वतःच्या परागाने नीट फळत नाहीत.

फेब्रुवारीत कळे फुगलेल्या फांद्या कापून घरात पाण्यात ठेवल्या, तर दोन-तीन आठवड्यांत त्या फुलतात, ही पद्धत तुमच्याकडे बऱ्याच घरांत आहे. यंदा मात्र तो मोह आवरा, कारण झुडपावर कळेच थोडे आहेत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरची कात्री टळली, की बिनदिक्कत चार फांद्या आणा. न्यू जर्सीतला क्विन्सचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत असतो, म्हणजे बऱ्याच वर्षी गुढीपाडव्याच्या आगेमागेच; तेव्हा गुढीशेजारी या शेंदरी फांद्या ठेवता येतील.

राहिला निफाडचा प्रश्न. इथे मला तुमची निराशा करावी लागते आहे. भारतात रोप किंवा फांदी आणायची तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आधी आयात परवाना आणि निघताना अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. सामानात गुपचूप फांदी नेणे बेकायदा तर आहेच, पण करप्यासारखा रोग द्राक्ष-फळबागांच्या पट्ट्यात नेण्याचा धोकाही त्यात आहे. आणि सगळे कायदेशीर केले तरी झुडूप फुलणार नाही. क्विन्सच्या कळ्यांना उमलण्यापूर्वी सलग काही आठवड्यांची थंडी लागते. निफाडला थंडीच्या लाटेत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दुपारी तोच पंचविसाच्या वर चढतो आणि लाटही चार-आठ दिवसांत ओसरते, त्यामुळे झुडपाला खरी विश्रांती मिळत नाही. हौसेने नवे रोप करायचेच असेल तर ते न्यू जर्सीतल्याच एखाद्या मैत्रिणीसाठी करा : एप्रिलमध्ये जमिनीलगतची लवचीक फांदी वाकवून, खालची साल थोडी खरवडून, मातीत दाबून वर दगड ठेवा, आणि पुढच्या वसंतात मुळे धरलेला भाग कापून वेगळा लावा.

सासूबाईंसाठी मी फुलांचे डाळिंब सुचवेन. त्याची भरगच्च पाकळ्यांची शेंदरी फुले तुमच्या क्विन्सच्या रंगाच्या अगदी जवळ जातात, झुडूपही तेवढेच वाढते, त्याला थंडीची अट नाही, नव्या फुटीवर फुलत असल्याने छाटणीचे वेळापत्रकही सांभाळावे लागत नाही, आणि काटे थोडे असतातच. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर गुटी कलम लावावे. एकच पथ्य पाळायला सांगा : आसपास डाळिंबाच्या बागा असतील तर कलम तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगापासून मुक्त असलेल्या, खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे, आणि पानांवर तेलकट डाग दिसले तर ते झाड हौसेचे असले तरी लगेच काढून जाळावे.